खारकरांचं उभं राहणं

“वाचायला लागलं की चूक होते,” असं कृष्णकांत खारकर एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते.

गिऱ्हाईक म्हणजे पनवेलमधलेच एक शाळामास्तर. त्यांचं चोवीस पानांचं पुस्तक खारकरांनी एकट्यानं, एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा शिशाचा ठसा, उचलून जुळवलं होतं. शेवटची पानं मशीनवर चढली तेव्हा मास्तरांनी मोठ्या आशेनं विचारलं, कसं काय वाटलं? खारकरांनी सांगितलं की वाचलेलं नाही. मास्तरांचा चेहरा पडला. खारकरांना त्यांचा अपमान करायचा नव्हता. ते आपल्या कामाची रीत सांगत होते. अर्थाकडे लक्ष गेलं की हात मनाच्या मागे धावतो, आणि पुढचा शब्द कागदावरचा न पडता आपल्या मनातला पडतो. म्हणून बत्तीस वर्षं त्यांनी लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दहाव्या-बाराव्याची कार्डं, भातगिरण्यांची लेटरहेडं आणि सोसायट्यांचे अहवाल जुळवले, आणि त्यातलं काही म्हणजे काही वाचलं नाही.

छापखाना टपाल नाक्याच्या बाजूला, दयारामशेठचा. पुढे काउंटर, मागे पायानं चालवायची दोन ट्रेडल मशीनं, आणि अगदी आत, भिंतीला लागून, खिळ्यांच्या तिरप्या पेट्या. पेटीला केस म्हणायचं आणि तिच्यातल्या प्रत्येक खणाला घर. ‘क’चं घर, कान्याचं घर, वेलांटीचं घर. खारकर साडेनऊला त्या केससमोर उभे राहत ते डबा खाण्यापुरते खाली बसत, आणि दोनला पुन्हा उभे राहत ते सहापर्यंत. डाव्या हातात ओळ धरायची लोखंडी पट्टी, उजवा हात घराघरांतून फिरतोय. खिळ्यांची ओळ डोकं खाली, पाय वर अशी लागते आणि तशीच वाचावी लागते. खारकरांच्या डोळ्यांना तीच सुलटी वाटायची. घरात पंचांग दुसऱ्याच्या बाजूनं जमिनीवर उघडं पडलेलं असलं तर ते फिरवून घेत नसत. आपल्या बाजूनंच तिथी सांगत.

१९८९च्या दिवाळीला आठवडा उरलेला असताना त्यांची कंबर गेली. लोखंडी चौकटीत आवळलेली खिळ्यांची पानं, ज्याला फर्मा म्हणतात, ती फरशीवरून, म्हणजे पानं बांधायच्या उंच दगडी टेबलावरून, मशीनपर्यंत न्यायचं काम भगवानचं. भगवान म्हणजे मशीनवाला, उलव्याचा, चाळिशीचा, दणकट. त्या दिवशी तो चहाला गेला होता आणि शेठ काउंटरवरून घाई करत होते. खारकरांनी फर्मा उचलला, अर्धे वळले, आणि कमरेत काहीतरी सुटलं. आवाज आला, असं ते नंतर सांगत. भगवानच्या मते असला आवाज बिवाज काही नसतो. खरं एवढंच की खारकर तिथल्या तिथे पडले नाहीत. ते परत वळले, फर्मा फरशीवर ठेवला, आणि मग फरशीची कड धरून हळूहळू खाली गेले. एकही खिळा निसटला नव्हता. हे ते पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, कमरेचं सांगायच्या आधी.

लाइन आळीतल्या दोन खोल्यांत खारकर, त्यांची बायको वेणू आणि मुलगी आभा अशी तिघं राहत. आभा रेल्वेपलीकडे, नवीन पनवेलच्या एका शाळेत बालवर्गावर बाई होती. पहिले आठ दिवस वेणूनं आपल्या परीनं सगळं केलं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, वाळू तापवून पुरचुंडी फिरवली, आणि कोळीवाड्यातून हौसाबाईला बोलावून आणलं. हौसाबाई पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे आधी पाय आले होते, आणि अशा माणसानं पाय लावला की कमरेत भरलेली उसण जाते. खारकर पालथे पडले. हौसाबाईनं त्यांच्या पाठीला तीनदा डावा पाय लावला, थोडं थांबली, आणि खरं काय ते सांगून टाकलं. “दादा, उसण आसती तं गेली आसती. ही उसण नाय. तुमी डाक्टरकं जा.” चहा मात्र घेऊन गेली.

डॉक्टर हाडांचे, मुंबईहून दर गुरुवारी पनवेलला यायचे. त्यांनी फोटो खिडकीला धरून पाहिला आणि मणक्यांमधली गादी सरकल्याचं सांगितलं. महिनाभर फळीवर झोपायचं, पायाला विटा बांधून ओढ द्यायची, थंडीत पाठ आखडू द्यायची नाही, कमरेला पट्टा. आणि शेवटी, चिठ्ठी लिहिता लिहिता, ते म्हणाले, “बसू नका. आडवे व्हा, नाहीतर उभे राहा. बसलात की मणक्यावर सगळ्यात जास्त दाब येतो.”

वेणू शेजारी उभी होती. तिनं मान हलवली. संध्याकाळी चाळीतल्या बायका चौकशीला आल्या तेव्हा तिनं सांगितलं, त्यांना खाली बसायची बंदी आहे. ‘खाली’ हा शब्द डॉक्टरांचा नव्हता. तो तिनं घातला, आणि घातला हे तिलाही कळलं नाही. तिच्या घरात बसणं म्हणजे खालीच बसणं. जेवायला पाटावर, भाजी चिरायला विळीवर, देवासमोर आसनावर. घरात खुर्ची एक होती, घडीची, आभाला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेतलेली; तिच्यावर घरचं माणूस कधी टेकत नसे. खारकर त्या खुर्चीकडेही फिरकत नाहीत यात वेणूला नवल वाटलं नाही. खारकरांनी मात्र एकदा, घरात कुणी नसताना, खुर्ची उघडून बसून पाहिलं होतं. पाच मिनिटांत उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं झालं. त्यांनी खुर्ची होती तशी मिटून ठेवली. बायकोला मुद्दाम सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला आभानं शाळेतून पिठाची एक पिशवी आणली. कुण्या क्लबच्या परदेशी पाहुण्यांनी शाळेला चित्रांची कोडी दिली होती, पुठ्ठ्याच्या तुकड्यातुकड्यांची, जोडून चित्र करायची. तीन खोकी होती. पावसात कपाट गळलं, खोकी कुजली, झाकणं टाकून दिली आणि तिन्ही कोड्यांचे तुकडे या एका पिशवीत एकमेकांत मिसळले. मोठ्या बाई फेकून द्या म्हणत होत्या. आभा म्हणाली, बाबा, नाहीतरी पडूनच आहात, तर वालाचे दाणे निवडतात तसे निवडून तरी द्याल का?

झाकणांवर चित्रं असतात, ती बघून जुळवतात, पण ती आता नाहीत, हे तिनं जरा अपराधी होऊन सांगितलं. खारकर म्हणाले, चित्र कशाला पाहिजे.

छापखान्यातून कधीकाळी मोडीत निघालेली एक केस त्यांच्या भिंतीवर टांगलेली होती. वेणू तिच्यात बटणं, हूक, सुया, रिळं असलं ठेवायची. खारकरांनी ती खाली काढायला लावली. बटणं कुठे ठेवू, असं वेणूनं विचारलं, आणि खारकर केस पुसायला लागले तेव्हा चहाच्या डब्यात ओतली. त्यानंतर महिनाभर त्या घरात चहा करताना बटण हाताला लागायचं.

मग तुकड्यांची घरं लागली. रंगावर खारकर गेलेच नाहीत. त्यांनी आकार घेतले, आणि आकारांना त्यांच्याकडे नावं तयारच होती. एकाच बाजूला बोंड असलेला तुकडा काना. वर बोंड असलेला रफार. दोन्ही अंगांना फुगलेला आणि मधे चिरल्यासारखा तो पोटफोड्या ष. कडेचे सरळ तुकडे दंड. पालथं पडून, छातीखाली उशी घेऊन, चार दिवसांत त्यांनी सगळी पिशवी घराघरांत टाकली. नंतर पुठ्ठ्याची जाडी बोटांनी चाचपून तीन कोडी वेगळी केली. एक जाड, एक मधलं, एक पातळ. आभानं हात लावून पाहिला. तिला तिन्ही सारखीच लागली.

डिसेंबर लागला. पनवेलची थंडी ती काय, पण सकाळी आठपर्यंत दव असायचं आणि फरशी गार. त्या दिवसांत दयारामशेठ संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायला आले. शेठचे पणजोबा कधीतरी कच्छहून आलेले. शेठ आता कच्छला गेले तर वाट चुकतील इतके पनवेलचे. ते घडीच्या खुर्चीवर बसले, खारकर भिंतीला टेकून उभे राहिले. शेठ इकडचं तिकडचं बरंच बोलले. उरणहून एक कंपोझिटर तात्पुरता आणलाय तो ‘ळ’ शोधायला अर्धा तास लावतो. गिऱ्हाइकं आता ऑफसेटची छपाई मागतात. दादरचा एक माणूस मजकूर मशीनवर टाइप करून त्याचे गुळगुळीत फोटोकागद करून देतो, ब्रोमाइड म्हणतात. खिळे लागतच नाहीत. आणि एक ओतशाळावाला, जुने खिळे वितळवायला घेणारा, दोनदा येऊन खिळे हातात खेळवून गेलाय.

“पण मी त्याला थांबवलंय,” शेठ म्हणाले. “खारकर, तुम्ही उभे राहिलात तर खिळे राहिले. मला आठ तास नकोत. चार तास द्या. संक्रांत होऊ दे, त्याच्यानंतरचा दुसरा सोमवार धरा. माघाच्या पत्रिका तोवर येतील.”

“चार तास,” खारकर म्हणाले.

“सलग. मधेच आडवे झालात तर मग मलाही कळेल आणि तुम्हालाही.”

शेठ गेल्यावर वेणूनं संत्री सोलली. खारकरांनी उभ्यानं दोन फोडी खाल्ल्या आणि आभाला सांगून बाहेरच्या खोलीत दोन ट्रंका एकावर एक ठेवून घेतल्या. त्यांच्यावर जुन्या दाराची फळी. पायाला बांधायच्या विटा आता लागत नव्हत्या, त्या फळीच्या मागच्या बाजूखाली सारल्या, म्हणजे फळी आपल्याकडे उतरती झाली, केससारखी. शेजारी ती मोडकी केस. मग ते समोर उभे राहिले आणि जाड पुठ्ठ्याचं कोडं जुळवायला लागले.

पहिल्या दिवशी अकरा तुकडे. त्यानंतर पोटरीत पेटका आला आणि ते फळीवर जाऊन पडले, झोपायच्या. घड्याळ त्यांनी वापरलंच नाही. घड्याळाकडे पाहिलं की पाठ बोलायला लागते. तुकड्याकडे पाहिलं की पाठीला उशिरा कळतं. दुसऱ्या दिवशी चौदा. मग चार दिवस चौदाच. मग एकदम तेवीस. रोज संध्याकाळी आभा विचारायची, आज किती? आणि ते आकडा सांगायचे, तो तुकड्यांचा की उभं राहण्याचा हे दोघांनाही वेगळं करता येत नव्हतं. शिंक आली तर मात्र सगळं सोडून भिंत धरायला लागे. शिंकेनंतर डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते पुसून खारकर पुढचा तुकडा घ्यायचे.

समोरच्या खोलीतले एक रिटायर झालेले तलाठी दारात उभं राहून रोज बघत. एकदा म्हणाले, “खारकर, नातवंडाची खेळणी नातवंड व्हायच्या आधीच संपवणार वाटतं.” खारकरांनी, तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा, एवढंच सांगितलं.

पहिलं चित्र पूर्ण झालं तेव्हा आभा शाळेतून येऊन बघत राहिली. बर्फाचे डोंगर, लाकडी घर, कुंपण, एक गाय. सगळं डोकं खाली. घराचं छप्पर खारकरांच्या पोटाकडे आणि कुंपण लांब भिंतीकडे.

“बाबा, हे उलटं आहे.”

“नाही,” खारकर म्हणाले. “तू उलटी उभी आहेस.”

ती फळीच्या पलीकडे, भिंत आणि ट्रंक यांच्या मधे अंग चोरून गेली आणि तिथून पाहिलं तेव्हा डोंगर डोंगरासारखे दिसले. त्या अडचणीत उभी राहून ती इतकी हसली की वेणू पोळी तव्यावर सोडून बघायला आली. वेणूला चित्रापेक्षा नवऱ्याचा चेहरा आधी दिसला. तो पांढराफटक होता, ओठ आवळलेले होते. तिनं विचारलं, कशासाठी करताय हे? ते म्हणाले, होतंय. असं रोजच व्हायचं. तुकडे जुळताना वेणू स्वयंपाकघरात असे. ती बाहेर यायची तेव्हा खारकर भिंत धरून फळीवर पडायला निघालेले असत. तिच्या वाट्याला उभं राहण्याचा तेवढाच शेवट यायचा. तिनं त्यावरून जे ताडायचं ते ताडलं.

मधल्या जाडीचं कोडं जहाजाचं निघालं आणि त्यात सात तुकडे कमी होते. खारकरांनी त्या जागी पातळ कोड्यातले जादा वाटणारे तुकडे पालथे घालून बसवले, करड्या पाठीचे. आभा म्हणाली, रिकाम्या ठेवा ना जागा. त्यांना ते पटेना. खिळा कमी पडला तर त्याच रुंदीचा दुसरा उलटा ठोकायचा; काळा डाग उठतो, पण ओळ सरकत नाही आणि चूक कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. रिकामी जागा कुणाला दिसत नाही. हे सांगताना त्यांना उभं राहून सव्वादोन तास झाले होते, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आभाच्या आलं. तिनं घड्याळ पाहिलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी भगवान आला. उलव्याला त्यांच्या शेतावर पोपटी लावली होती, म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून वरून जाळ. खारकर दर वर्षी जायचे. या वर्षी शेंगा फडक्यात बांधून त्यांच्याकडे आल्या, अजून कोमट, धुराचा वास धरलेल्या. भगवान खाली मांडी घालून बसला आणि खारकर त्याच्या डोक्यावर उभे राहून शेंगा खाऊ लागले. खाल्लेली सालं भगवानच्या पुढ्यात पडत होती.

भगवाननं छापखान्याचं सगळं सांगितलं. मालू, पत्रिकांच्या घड्या घालणारी म्हातारी, रोज विचारते. उरणवाला गेल्या आठवड्यात ‘शुभविवाह’ जुळवताना एक ‘भ’ खाली पाडून गेला, तो अजून सापडला नाही. शेठ दोनदा मुंबईला जाऊन आले.

“काका, तुमी या,” भगवान म्हणाला. “आमी तुमाला काय उचलाला देनार नाय. फर्मा मी उचलतो, ओळींमदल्या लेडच्या पट्ट्या मी कापतो. तुमी फकस्त तितं हुबं ऱ्हावा. खिळं हायत तवर माजं ट्रेडल हाय.”

खारकरांनी बोटं फडक्याला पुसली आणि काल किती झाले ते सांगितलं. तीन तास दहा मिनिटं. आता ते घड्याळात सांगायला लागले होते.

संक्रांत रविवारी आली. शुक्रवारी पातळ कोडं जवळजवळ पूर्ण झालं होतं. सगळं आभाळच होतं त्यात, निळ्यावर निळं, आणि दुसऱ्या कुणी ते रंगावरून जुळवायला घेतलं असतं तर रडकुंडीला आलं असतं. शनिवारी खारकर चार तास पाच मिनिटं उभे राहिले. पाठ दुखली. पाय दुखला नाही. हा फरक डॉक्टरांनीच सांगून ठेवला होता: दुखणं पायातून वर सरकून पाठीत आलं म्हणजे गादी ऐकतेय.

पुढच्या शुक्रवारी शेठाणीकडे हळदीकुंकू होतं. वेणू ठेवणीतलं पातळ नेसून गेली आणि येताना स्टीलची वाटी आणि तिळगूळ घेऊन आली. तिचे डोळे जरा सुजलेले होते, पण ती कधी नव्हे ती गुणगुणत होती. “सगळं नीट होणार आहे,” ती म्हणाली. खारकरांना वाटलं, शेठाणीनं आभासाठी एखादं स्थळ सुचवलं असावं. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ते पट्टा बांधून, वर सदरा चढवून, चालत छापखान्यात गेले. टपाल नाक्यापर्यंत चारदा ओळखीचे भेटले आणि चौघांनाही त्यांनी चालता चालताच उत्तर दिलं. मालूनं त्यांच्यावरून कानशिलाला बोटं मोडली. भगवाननं केससमोरची जमीन झाडून, पाण्यानं पुसून ठेवली होती. शेठ काउंटरवर होते. उठून आत आले, पाठीवर हात ठेवणार होते, तो मधेच थांबवून त्यांनी खारकरांचा हात हातात घेतला. ते काहीतरी सांगायच्या बेतात होते, पण खारकर आधीच आत निघाले होते. कामाला पत्रिका होती, गव्हाणच्या एका घरातली. वधू-वरांची नावं, दोन्हीकडच्या आजोबांची नावं, खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ घालणाऱ्या सहा पोरांची नावं.

साडेनऊला खारकरांनी पहिला खिळा उचलला.

तीन महिन्यांत हात काही विसरलेला नव्हता. उलट उरणवाल्यानं घरं बिघडवून ठेवली होती. इकारात उकार, ‘म’च्या घरात ‘भ’. खारकर जुळवता जुळवता ती सुधारत गेले. साडेअकराच्या सुमाराला पाठ बोलली. त्यांनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं आणि पुढची ओळ घेतली. मालू घड्या घालता घालता मान वर करून बघत होती. भगवाननं दोनदा चहा आणून केसच्या कडेला ठेवला आणि दोनदा गार झालेला परत नेला. दीड वाजता पत्रिका बांधून फरशीवर आली. भगवाननं शाई फिरवून एक कागद उठवला. मालूचा मुलगा मुंबईत कारकून होता, त्याच्याबरोबर तीही वाचायला शिकली होती. तिनं आजोबांपासून पोरांपर्यंत सगळं वाचलं आणि चूक नाही म्हणाली.

“काका, झालं,” भगवान म्हणाला. “खिळं ऱ्हायलं.”

खारकरांनी शेठकडे पाहिलं. शेठ भगवानकडे बघत नव्हते.

“चला, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय,” ते म्हणाले आणि खारकरांना पुढे घेऊन गेले. काउंटरच्या आत, खिडकीशी, उजेडात, एक नवं टेबल होतं. टेबलावर दादरहून आलेले ब्रोमाइडचे कागद, लाल शाईचं पेन, पट्टी. टेबलामागे हातांची, वेताची खुर्ची. खुर्चीत एक गादी होती, घरी शिवलेली. तिचं कापड मोरपंखी होतं, आणि ते कुठल्या पातळाचं हे खारकरांनी लांबूनच ओळखलं.

“वहिनींनी काल मालूबरोबर पाठवली,” शेठ म्हणाले. “शुक्रवारी घरी आल्या होत्या ना त्या, बायकोजवळ रडल्या. म्हणाल्या, चार तास उभं राहायचं म्हणून हा माणूस दोन महिने स्वतःला सोलून घेतोय, भिंत धरून पडतो. त्यांना बसून करायचं काम द्या. खारकर, मला लाज वाटली हो. मी काय बोलून गेलो तुम्हाला, चार तास द्या म्हणून. शनिवारीच दादरवाल्याला हो म्हणून टाकलं, ओतशाळावाल्यालाही. गुरुवारी खिळे न्यायला टेम्पो येईल. आज ही पत्रिका तुमच्या हातची शेवटची होऊ दे म्हटलं, म्हणून सकाळी बोललो नाही. आता उभं राहायचं नाही. इथे आरामात बसायचं आणि मुद्रितं वाचायची, चुका काढायच्या. भगवानला ऑफसेटवर शिकायला पाठवतोय.”

आतून ट्रेडलचा आवाज सुरू झाला. भगवाननं पत्रिका छापायला घेतली होती.

मला बसता येत नाही. एवढंच वाक्य होतं. पण ते बोललं की शेठ विचारणार, मग वहिनी असं कशा म्हणाल्या? आणि शेठनं शेठाणीला विचारलं की संध्याकाळपर्यंत ते लाइन आळीत पोचणार, आणि वेणूला कळणार की खिळे कुणाच्या शब्दानं गेले. शब्द तर दिले गेले होते. दादरला, ओतशाळेला. गुरुवार काही त्यानं हलणार नव्हता.

“बसा ना,” शेठ म्हणाले.

खारकर बसले. गादी मऊ होती, वेणूनं कापूस चांगला पिंजून घेतला होता. शेठ समाधानानं काउंटरकडे गेले. खारकरांनी पहिला कागद पुढे ओढला. तो कुठल्याशा पतपेढीचा अहवाल होता. त्यांनी तो वाचायला सुरुवात केली, एकेक शब्द, अर्थासकट, संचालक मंडळाला कळवण्यास आनंद होत आहे की. चौथ्या ओळीला पाठीत कळ आली. दहाव्या ओळीला ती कुल्ल्यात उतरली. त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती पोटरीत पोचली, तीच जुनी, तापलेल्या तारेची, आणि पाच आठवडे जी वर चढवत आणली होती ती एका दुपारी पार घोट्यापर्यंत गेली. मालू आतून डबा घेऊन आली आणि म्हणाली, दादा, किती छान दिसताय हो, साहेबासारखे. त्यांनी मान हलवली.

त्यांनी आणखी अर्धं पान वाचलं. एका ठिकाणी ‘सभासद’मधला ‘भा’ चुकलेला होता. त्याच्याभोवती लाल गोल केला. मग दोन्ही हात टेबलावर रोवून ते उठले. उठताना खुर्ची मागे सरकली आणि शेठनं वळून पाहिलं. पाय मोकळे करताय का, असं काहीसं ते म्हणाले. खारकरांनी पेनाला टोपण लावलं, कागद चौकोनात नीट केले, खुर्चीतली गादी थोपटून सारखी केली. आत जाऊन खुंटीवरची पिशवी घेतली. भगवान मशीनवर पाय मारता मारता त्यांच्याकडे बघत होता आणि त्याचा पाय थांबला. मालूनं उघडलेल्या डब्यावर झाकण ठेवलं.

खारकर केससमोरून गेले, काउंटरची फळी उचलून पुढे आले, चपलांत पाय सरकवले, आणि बाहेर पडले.